रोज चार्ज करावे लागणारे घड्याळ कोणाला परवडते?

वाचकाचे पत्र

मी ४६ वर्षांची असून पणजीतील एका कार्यालयात नोकरी करते. डिचोलीजवळच्या आमच्या घरून सकाळी सातला निघते आणि परतेपर्यंत संध्याकाळचे सात वाजतात. रोज चाला आणि झोपेकडे लक्ष द्या, असे डॉक्टरांनी सांगितल्यापासून स्मार्टवॉच घेण्याचा विचार मनात आहे. बेंगळुरूला असणारा माझा भाऊ स्वतःचे तीन वर्षे वापरलेले सॅमसंगचे गॅलेक्सी वॉच ४, ४४ मिलिमीटरचे, मला देऊ करतो आहे. मात्र ते रोज चार्ज करावे लागते, असे तोच सांगतो. यजमानांचे म्हणणे असे की, मी भावाचे घड्याळ वापरावे आणि ७६ वर्षांच्या सासऱ्यांसाठी दहा हजार रुपयांच्या आत दोन आठवडे चालणारे नवे घड्याळ घ्यावे, म्हणजे त्यांच्यामागे चार्जिंगची कटकट नको. सासरे मागच्या पावसाळ्यात अंगणात घसरून पडले होते, त्यामुळे पडल्याची सूचना देणारे घड्याळ त्यांच्या हातात असावे, असे आम्हाला वाटते. त्यांचा आणि माझा, दोघांचेही फोन अँड्रॉइडचे आहेत. पावसात आमच्याकडे वीज वरचेवर जाते. सामान्य माणसाला या घड्याळांची बॅटरी खरोखर पुरते का? ‘रोज चार्ज करायचे ते कसले घड्याळ?’ हा यजमानांचा प्रश्न मलाही पटू लागला आहे.

— एक वाचक, डिचोली

उत्तर

सप्रेम नमस्कार.

बॅटरी पुरते, असे माझे मत आहे. मात्र कोणते घड्याळ कोणाला पुरेल, याचा हिशेब मांडला की उत्तर आपल्या यजमानांनी केलेल्या वाटपाच्या नेमके उलट निघते. भावाचे घड्याळ सासऱ्यांना द्यावे आणि नवे, जास्त दिवस चालणारे घड्याळ आपण स्वतःसाठी घ्यावे, असे मी सुचवीन. हे सुरुवातीला विचित्र वाटेल, म्हणून त्यामागची कारणे जरा सविस्तर लिहितो.

यजमानांचा प्रश्न अगदीच गैरवाजवी नाही. आपल्या पिढीच्या मनगटावर क्वार्ट्झ घड्याळे होती, त्यांचा बटणाएवढा सेल दोन-दोन वर्षे चालत असे आणि तो संपला की बाजारात जाऊन दहा मिनिटांत बदलून मिळत असे. त्या सवयीवर वाढलेल्या माणसाला रोजचे चार्जिंग हा घड्याळाचा दोषच वाटणार. पण त्याच्या आधीच्या पिढीला, म्हणजे ज्यांच्याकडे एचएमटीचे ‘जनता’सारखे चावीचे घड्याळ होते त्यांना, रोज सकाळी न चुकता चावी द्यावी लागे, नाही दिली तर दुसऱ्या दिवशी घड्याळ थांबे. तरीही ते घड्याळ ‘पुरत नाही’ अशी तक्रार कोणी करत नसे, कारण चावीला अर्धे मिनिट लागे आणि ती देताना घड्याळ हातातच असे. स्मार्टवॉच मात्र चार्जरवर ठेवले की तासभर, कधी दोन तास मनगट रिकामे राहते, आणि तेवढ्या वेळात झालेले चालणे, हृदयाचे ठोके, झोप किंवा दुर्दैवाने झालेली पडझड यांपैकी कशाचीही नोंद होत नाही. म्हणून घड्याळ किती दिवस चालते हे विचारण्याआधी, दिवसातल्या कोणत्या वेळी ते काढून ठेवणे आपल्याला चालण्यासारखे आहे, हे ठरवावे लागते. ते एकदा ठरले की बॅटरीचा प्रश्न बराचसा सुटतो.

आता ही घड्याळे इतक्या लवकर का संपतात, ते पाहू. आपल्या खिशातल्या फोनची बॅटरी आजकाल साधारण ५,००० एमएएचची (बॅटरीत किती वीज मावते, त्याचे हे माप) असते. भावाच्या ४४ मिलिमीटरच्या घड्याळात ३६१ एमएएचची बॅटरी आहे, म्हणजे फोनच्या चौदाव्या हिश्श्याइतकी, आणि तिच्यावर रंगीत स्क्रीन, ब्लूटूथ, वायफाय, जीपीएस व हृदयाचे ठोके मोजणारे दिवे हा सगळा संसार चालवायचा असतो. शिवाय या घड्याळांची दोन कुळे आहेत, हे दुकानदार सहसा सांगत नाहीत. ॲपलचे घड्याळ आणि सॅमसंग, गूगल यांची ‘वेअर ओएस’ या प्रणालीवर चालणारी घड्याळे ही खरे तर मनगटावर बांधलेले छोटे फोन आहेत; त्यांत वेगळी ॲप टाकता येतात, नकाशे उघडतात, मात्र ती बहुधा एक-दोन दिवसांपलीकडे जात नाहीत. दुसऱ्या कुळातली घड्याळे हलक्या, मोजकी कामे करणाऱ्या प्रणालीवर चालतात, त्यांचा मुख्य प्रोसेसर बहुतेक वेळ झोपलेला असतो आणि त्यामुळे ती आठवडा ते दोन आठवडे टिकतात.

हा भेद जुनाच आहे. २०१२ साली लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या ‘पेबल’ घड्याळाची स्क्रीन फार कमी वीज खाणारी, कृष्णधवल होती आणि ते आठवडाभर चाले. २०१५ साली आलेल्या पहिल्या ॲपल वॉचने १८ तासांचा दावा केला, आणि पुढे जवळजवळ दशकभर, २०२४ च्या ‘सिरीज १०’पर्यंत, त्या कंपनीच्या नेहमीच्या घड्याळाचा हा आकडा हलला नाही, २०२५ च्या ‘सिरीज ११’मध्ये तो २४ तासांवर गेला. बॅटरी थोडीफार सुधारली की ती शक्ती नव्या सेन्सरांवर आणि अधिक उजळ स्क्रीनवर खर्च करायची, असे बहुतेक कंपन्यांचे धोरण दिसते. दोन्ही कुळांचा मेळ घालण्याचे प्रयत्न झाले आहेत, उदाहरणार्थ २०२४ च्या ‘वनप्लस वॉच २’मध्ये जड कामासाठी एक आणि हलक्या कामासाठी दुसरा असे दोन वेगवेगळे प्रोसेसर बसवून कंपनीने १०० तासांचा दावा केला. तो मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, पण तशी घड्याळे आपल्या ठरलेल्या रकमेत सहसा बसत नाहीत.

बॅटरी सर्वांत जास्त खाते ती स्क्रीन. आजची बहुतेक घड्याळे अमोलेड स्क्रीनची असतात; तिच्यात काळा भाग विजेशिवाय राहतो आणि पांढरा, उजळ भाग वीज ओढतो, म्हणून काळ्या पार्श्वभूमीची, मोजके आकडे असलेली तबकडी निवडणे हा सर्वांत सोपा आणि फुकटचा उपाय आहे. ‘स्क्रीन सदैव चालू’ हा पर्याय दिसायला छान, पण कित्येक घड्याळांचे आयुष्य तो जवळजवळ निम्म्यावर आणतो. मनगट उचलल्यावर स्क्रीन उजळण्याची सोयही आपल्यासाठी विचार करण्याजोगी आहे. पणजीच्या गर्दीच्या बसमध्ये वरची दांडी धरून उभे राहिले की घड्याळाला वाटते, बाई सारखी वेळ पाहताहेत, आणि ते पुनःपुन्हा उजळते. (चवथीला फुगडी घालताना तर ते अखंड लुकलुकत राहील, आणि वर पावलांचा भलताच आकडा दाखवील, तो भाग निराळा.) ही सोय बंद करून बोटाने स्पर्श केल्यावरच स्क्रीन उजळेल, असे ठरवून ठेवता येते. पावसाचे थेंबही स्क्रीनला बोटासारखे वाटतात. त्यासाठी बहुतेक घड्याळांत पाण्याचे कुलूप (वॉटर लॉक) असते, ते छत्री उघडण्यापूर्वी लावावे. भर उन्हात चालताना स्क्रीन आपोआप पूर्ण तेजाने पेटते, त्यामुळे मिरामारच्या किनाऱ्यावर सायंकाळी पाचला काढलेली फेरी ही घरातल्या फेरीपेक्षा बॅटरीला महाग पडते.

स्क्रीनखालोखाल सूचनांचा त्रास. कुटुंबाचा, कार्यालयाचा, देवस्थानाचा, शाळेतल्या जुन्या मैत्रिणींचा असे चार-पाच व्हॉट्सॲप गट फोनवर असतील आणि त्या प्रत्येक ‘सुप्रभात’सरशी मनगट थरथरून स्क्रीन पेटत असेल, तर कोणतीही बॅटरी पुरणार नाही. घड्याळावर फक्त फोनकॉल, बँकेचे संदेश आणि घरच्या दोन-तीन माणसांचे निरोप येऊ द्यावेत. याने बॅटरी वाचते त्याहून जास्त मनःशांती वाचते, असा माझा अनुभव आहे. घड्याळावरूनच फोनवर बोलण्याची सोय स्वस्त घड्याळांत फार गाजवली जाते, पण अशा अनेक घड्याळांच्या खोक्यावरच बारीक अक्षरांत लिहिलेले असते की, ती वापरली तर सात दिवसांचे दोन-तीन दिवस होतील. हृदयाचे ठोके मोजणे त्यामानाने स्वस्त आहे आणि आपल्याला ते हवेच आहे. जीपीएस महाग आहे, पण रोजच्या पाऊण तासाच्या चालण्यापुरता त्याचा भार सोसण्यासारखा असतो. फोन बरोबर असेल तर काही घड्याळे फोनचेच जीपीएस वापरतात. रात्रभर रक्तातला प्राणवायू मोजत राहणे मात्र डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलेले नसेल, तर बंद ठेवावे.

खोक्यावरच्या आकड्याकडे कसे पाहावे, याबद्दल माझा एक ढोबळ नियम आहे, आणि नवे घड्याळ घेताना तोच सर्वांत उपयोगी पडेल, असे वाटते. हे आकडे खोटे नसतात, पण ते विशिष्ट वापर धरून काढलेले असतात. ॲपलच्या १८ तासांमागे दिवसभरात ९० सूचना आणि एक तासाचा व्यायाम असे गृहीत धरलेले असते, आणि नव्या घड्याळात पुष्कळांना त्याहून थोडा अधिकच वेळ मिळतो. जास्त दिवसांचा दावा करणाऱ्या कंपन्यांचे ‘सामान्य वापर’ हे प्रकरण मात्र फार सौम्य असते. अमेझफिटच्या ‘जीटीआर ४’ या घड्याळासाठी कंपनीने स्वतःच सामान्य वापराला १४ दिवस आणि भरपूर वापराला ७ दिवस असे दोन आकडे दिले होते. हा प्रामाणिकपणा सगळे दाखवीत नाहीत. म्हणून दुकानात सांगितलेल्या दिवसांचे आधी निम्मे करावे. नंतर त्यातून पाचवा हिस्सा आणखी वजा करावा, कारण लिथियम-आयन बॅटरी वापरासरशी झिजते, आणि नेहमीच्या दर्जाची बॅटरी सुमारे ५०० पूर्ण चार्जिंगनंतर मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. (ॲपल आपल्या घड्याळासाठी १,००० चार्जिंगचा हिशेब देते.) अशा रीतीने १४ दिवसांच्या घड्याळाचे तिसऱ्या वर्षी साडेपाच दिवस उरतात आणि ४० तासांच्या घड्याळाचे १६ तास.

या दोन आकड्यांत मूळ मुद्दा दडलेला आहे. चौदाचे साडेपाच झाले तरी आपले काही अडत नाही, चार्जिंग रविवारबरोबरच बुधवारीही करावे लागेल इतकेच. चाळीसाचे सोळा झाले की मात्र सकाळी सहाला बांधलेले घड्याळ रात्री दहाला मान टाकते, आणि झोपेची नोंद, जिच्यासाठी आपण ते घेणार होतात, ती होतच नाही. शिवाय सात दिवसांचे घड्याळ सातशे दिवसांत जेमतेम शंभर वेळा चार्ज होते आणि एका दिवसाचे घड्याळ सातशे वेळा, त्यामुळे आधीच कमी असलेली बॅटरी झिजतेही लवकर. नव्या घड्याळाची परीक्षा पहिल्या आठवड्यावरून करणारे लोक म्हणूनच फसतात.

आपल्या गोव्याच्या हवेचाही विचार करायला हवा. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता मानवत नाही. ३५ अंशांपलीकडच्या तापमानात तिचे आयुष्य लवकर घटते, आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरच्या डिकीत किंवा मोटारीच्या काचेखाली त्याहून कितीतरी अधिक तापमान होते. तेथे घड्याळ ठेवू नये, आणि तापलेले घड्याळ लगेच चार्जरवरही लावू नये. दुसरा शत्रू घाम आणि खारी हवा. ज्या घड्याळांच्या पाठीला धातूच्या दोन टिकल्या असतात आणि चुंबकी चार्जर त्यांना चिकटतो, त्यांच्या टिकल्यांवर घामाचे क्षार साचून त्या काळ्या पडतात, आणि मग रात्रभर लावून ठेवूनही सकाळी घड्याळ रिकामेच सापडते. लोक याला बॅटरी गेली असे समजतात. ओलसर मऊ कापडाने पाठ पुसून, पूर्ण कोरडी करून मगच चार्ज करण्याची सवय लावली तर हा त्रास बहुधा होत नाही. समुद्रात उतरल्यास घरी येऊन घड्याळ गोड्या पाण्याने धुवावे. भावाच्या घड्याळाला अशा टिकल्या नाहीत, ते बिनतारी पद्धतीने चार्ज होते, आणि आपल्या हवेत हा त्याचा मोठाच गुण आहे.

पावसातल्या वीज जाण्याची चिंता मात्र आपण सोडून द्यावी. १०,००० एमएएचची साधी पॉवर बँक घरात असेल, तर होणारी गळती धरूनही ती असले घड्याळ पंधरा-वीस वेळा भरू शकते. वीज गेल्यावर आधी फोन मरतो, घड्याळ नव्हे. फक्त एक गोष्ट तपासून पाहावी. घड्याळ इतका कमी प्रवाह ओढते की, काही पॉवर बँकांना काहीच जोडलेले नाही असे वाटते आणि त्या आपोआप बंद पडतात. कमी प्रवाहाच्या उपकरणांसाठी वेगळी सोय असलेली पॉवर बँक मिळते, ती घ्यावी. खरी अडचण विजेची नसून चार्जरची असते. फोनची टाइप-सी तार लग्नघरात, जत्रेत, नातेवाइकांकडे कोठेही मागितली तर मिळते. घड्याळाचा चार्जर प्रत्येक कंपनीचा वेगळा, कित्येकदा एकाच कंपनीच्या दोन घड्याळांचाही वेगळा. युरोपीय संघाने २०२४ च्या अखेरीपासून फोनना टाइप-सी सक्तीचे केले, पण त्यातून घड्याळे वगळली. तेव्हा दोन रात्री बाहेर राहायचे झाले आणि चार्जर घरी विसरला, तर एका दिवसाचे घड्याळ दुसऱ्या सकाळी शोभेची वस्तू होते.

आता आपल्या स्वतःच्या दिनक्रमाकडे येतो. सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत आपण घराबाहेर, रात्री झोपेची नोंद हवी, आणि सकाळी निघण्यापूर्वीचा व आल्यानंतरचा वेळ स्वयंपाकघरात. मनगट रिकामे ठेवता येईल असा शांत तास आपल्या दिवसात जवळजवळ नाहीच. संध्याकाळी आल्याबरोबर घड्याळ चार्जरवर ठेवायचे म्हटले, तर चालण्याची वेळही तीच, आणि जेवणानंतर ठेवायचे म्हटले तर ते परत बांधायचे राहून जाते. पहिले दोन महिने उत्साहाने हे जमते, मग एक दिवस घड्याळ बंद पडते, ते चार दिवस टेबलावर राहते आणि पुढे खणात जाते. रोज चार्ज करण्याचे घड्याळ आपल्याला परवडणार नाही असे मी म्हणतो ते यासाठी. आपल्याला लागणाऱ्या गोष्टी म्हणजे पावले, चालण्याचे अंतर, ठोके, झोप आणि मोजक्या सूचना. या सर्व गोष्टी हलक्या कुळातली घड्याळे चांगल्या करतात आणि दहा हजारांच्या आत ती मिळतात. खोक्यावर किमान चौदा दिवस लिहिलेले असावे, स्वतःचे जीपीएस असावे आणि पाण्याचा दाब सोसण्याची ‘५ एटीएम’ ही खूण असावी. एवढे पाहिले की बाकीच्या शंभर व्यायामप्रकारांची यादी वाचली नाही तरी चालेल. रविवारी डोक्यावरून न्हाऊन केस वाळेपर्यंत ते चार्जरवर राहिले, की आठवडा निघतो.

सासऱ्यांची गोष्ट वेगळी. पडल्याची सूचना देण्याची भरवशाची सोय मुख्यतः जड कुळातल्या, म्हणजे कमी टिकणाऱ्या घड्याळांत मिळते. दहा हजारांच्या आतल्या पंधरवडाभर चालणाऱ्या बहुतेक घड्याळांत ती नसते. यजमान त्यांच्यासाठी जे घेऊ पाहतात ते घड्याळ आठवडेच्या आठवडे चालू राहील, पण ज्या कामासाठी घेतले तेच करणार नाही. भावाच्या घड्याळात ती सोय आहे. त्याचा मूळ दावा ४० तासांचा होता, आता तीन वर्षांनी वरच्या हिशेबाने सोळा तासांचे, म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंतचे, धरून चालावे, आणि दिवसभर घरात असणाऱ्या, ज्यांच्या उठण्या-बसण्याच्या वेळा घड्याळापेक्षा पक्क्या आहेत अशा माणसाला तेवढे पुरते. चार्जर घरातच, त्यांच्या खुर्चीशेजारी राहील.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी लागेल. आपण फोन रात्री चार्ज करतो त्या सवयीने सासऱ्यांचे घड्याळही रात्री चार्जरवर लावले जाईल, आणि नेमके ते होऊ देऊ नये. वयस्कर माणसे रात्री लघवीला उठताना, झोपेच्या गुंगीत, अंधारात पडतात. घरातले सगळे झोपलेले असतात आणि त्याच वेळी घड्याळाची खरी गरज असते. त्याऐवजी दिवसातून दोनदा अर्धा-पाऊण तास ठेवावे: सकाळी आंघोळीनंतर ते चहा-वर्तमानपत्र घेऊन बसलेले असताना, आणि दिवेलागणीनंतर सगळे घरात असताना. आंघोळ आटोपल्यावर म्हणतो ते मुद्दाम, कारण न्हाणीघर ही पडण्याची दुसरी जागा, आणि हे घड्याळ पाण्यात चालते. सॅमसंगने हे घड्याळ बाजारात आणताना ३० मिनिटांत १० तासांचे चार्जिंग असा दावा केला होता. जुन्या बॅटरीत त्याहून कमी मिळाले, तरी दोन वेळचे मिळून दिवस-रात्र निघायला हरकत नाही. थोडे-थोडे, मधल्या टप्प्यात चार्ज केलेली लिथियम बॅटरी पार रिकामी करून काठोकाठ भरलेल्या बॅटरीपेक्षा कमी झिजते, हा त्यातला आणखी एक लाभ.

घड्याळ हातात आल्यावर पहिल्या दिवशी एक साधी तपासणी करावी. सकाळी सातला १०० टक्के भरून, सदैव चालू स्क्रीन व जीपीएस बंद करून आणि हृदयाचे ठोके ‘स्थिर असताना दर दहा मिनिटांनी’ या पर्यायावर ठेवून, सासऱ्यांना दिवसभर वापरू द्यावे आणि रात्री दहाला टक्केवारी पाहावी. ४० च्या वर असेल तर बॅटरी ठणठणीत आहे असे समजावे. २० ते ४० असेल तर वर सांगितलेले दोन वेळचे चार्जिंग पुरेल. २० च्या खाली आली, तर अधिकृत सेवाकेंद्रातून बॅटरी बदलून घेण्याचा खर्च विचारावा. रस्त्यावरच्या दुकानात उघडून घेऊ नये, कारण एकदा उघडलेल्या घड्याळाची पाण्यापासूनची राखण नीट परत बसली नाही, तर पहिल्याच पावसात ते जाते.

भावाने घड्याळ देण्यापूर्वी त्यातले स्वतःचे खाते काढून, ते मूळ स्थितीवर आणून द्यावे, आणि त्याचा मूळ चार्जर आठवणीने पाठवावा, हे त्याला आताच कळवावे. सासऱ्यांच्या फोनशी जोडताना पडझड ओळखण्याचा पर्याय मुळात बंद असू शकतो, तो ‘नेहमी’ या सेटिंगवर आणावा. सूचना फोनमार्फत जात असल्यामुळे फोन त्यांच्याजवळ असायला हवा. आपल्याकडच्या चिऱ्यांच्या जाड भिंतींतून ब्लूटूथ फार लांब पोहोचत नाही, तेव्हा फोन माजघरात आणि सासरे परसात, असे झाले तर घड्याळ असून नसल्यासारखे. सदऱ्याच्या खिशात किंवा गळ्यातल्या पिशवीत फोन ठेवण्याची सवय त्यांना लावावी. भिंतीला टेकत हळूहळू खाली बसलेल्या माणसाची नोंद हे यंत्र करत नाही, हेही घरात सर्वांना सांगून ठेवावे. आपत्कालीन संपर्कांत पहिला क्रमांक आपला किंवा यजमानांचा न ठेवता, हाक मारल्यावर पाच मिनिटांत पोहोचेल अशा शेजाऱ्याचा ठेवावा, आणि त्या शेजाऱ्याची संमती घेऊन एकदा खोटी सूचना पाठवून ती खरेच पोहोचते का, ते पाहावे.